जुनी जीप आणि वाळूतली रेघ

दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची आंब्याची बाग आहे. बागेच्या कोपऱ्यात एक कौलारू मांगर आहे आणि त्या मांगरात गेली चाळीस वर्षे एक जीप उभी असते. १९८४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात मी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. आंब्याच्या पेट्या, शेणखताची पोती, गणपतीची मूर्ती, लग्नाची वऱ्हाडे, एकदा तर आजारी वासरू, अशी नाना प्रकारची ओझी तिने वाहिली. माझे थोरले बंधू अण्णा पुण्याला नोकरीत होते. दरवर्षी गणपतीला ते गावी यायचे, मांगरात डोकवायचे आणि मला तेल-ग्रीसने माखलेला पाहून मान हलवायचे. १९९६ च्या गणपतीत मात्र त्यांनी थेटच विचारले, की ही गाडी एक दिवस कायमची बसणार, तेव्हा तू काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हते. अशीच दुसरी जुनी जीप शोधीन, असे काहीसे मी पुटपुटलो.

पुढच्या खेपेला अण्णा येताना पुण्याच्या रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मोटार-मासिकांचा एक गठ्ठा घेऊन आले. त्यातला एक लेख वाचताना मी चाट पडलो. अगदी हाच प्रश्न १९४७ च्या ईस्टरच्या सुट्टीत, वेल्समधल्या एका बेटावर, एका थोरल्या भावाने धाकट्या भावाला विचारला होता. समोर अशीच एक खिळखिळी झालेली जीप उभी होती. धाकट्याचे उत्तरही माझ्यासारखेच होते. दुसरी जुनी जीप घ्यावी लागेल, कारण हिच्यासारखे दुसरे वाहनच मिळत नाही. फरक एवढाच, की मी तिथे थांबलो आणि तो धाकटा भाऊ थांबला नाही. त्याचे नाव मॉरिस विल्क्स. त्याच्या उत्तरातून जे वाहन जन्माला आले ते लँड रोव्हर.

या विल्क्सची गोष्ट सांगावी असे फार दिवस मनात होते. तिच्यात माझी जीप मधूनमधून डोकावेल, त्याला माझा इलाज नाही.

मॉरिस विल्क्सचा जन्म १९०४ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटावरचा. त्याचा थोरला भाऊ स्पेन्सर त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. वयातले अंतर पाहता भाऊ कमी आणि पालक जास्त, असेच ते नाते असणार. स्पेन्सरने हिलमन या मोटार कारखान्याच्या मालकाच्या मुलीशी लग्न केले आणि त्या कारखान्याच्या कारभारात शिरला. मॉरिसही तिथेच यंत्रे शिकला. मधली दोन वर्षे तो अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करून आला. पुढे दोघे भाऊ रोव्हर कंपनीत गेले. स्पेन्सर १९२९ मध्ये, तर मॉरिस १९३० मध्ये मुख्य अभियंता म्हणून.

रोव्हर ही मुळात सायकली बनवणारी जुनी कंपनी. आज आपण जी सायकल चालवतो तिचा साचा १८८५ मध्ये याच नावाच्या सायकलीने घालून दिला. पण विल्क्स बंधू आले तेव्हा कंपनी तोट्यात होती. दोघांनी कामाची वाटणी करून घेतली. स्पेन्सरने हिशेब आणि माणसे पाहायची, मॉरिसने गाड्या. स्वस्त गाड्यांचा ढीग काढण्यापेक्षा थोड्याच, पण नेटक्या गाड्या काढायच्या, हे त्यांचे धोरण. डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर अशी गिऱ्हाइके. लाकडी नक्षीचा डॅशबोर्ड, कातडी गाद्या, आवाज न करणारे इंजिन. चिखलाशी या गाड्यांचा संबंध पावसाळी रस्त्यापुरताच.

मग महायुद्ध आले. १९४० च्या नोव्हेंबरात कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानांनी बाँबचा वर्षाव केला, त्यात रोव्हरचा जुना कारखानाही सापडला. त्याच सुमारास मॉरिसच्या हाती अत्यंत गुप्त असे काम होते, ते म्हणजे फ्रँक व्हिटल या हवाईदलातल्या संशोधकाचे जेट इंजिन कारखान्यात तयार होण्याजोगे करणे. व्हिटल आणि विल्क्स बंधूंचे पटले नाही. संशोधकाला आपल्या रचनेला लावलेला हात खपत नव्हता आणि कारखानदारांना ते इंजिन घाऊक बनवायचे तर फेरफार हवे होते. अखेर १९४३ च्या सुरुवातीला रोव्हरने जेट इंजिनाचे काम रोल्स-रॉइसला दिले आणि बदल्यात त्यांचे रणगाड्याचे इंजिन घेतले. पण जेटच्या त्या वेगाची भूल मॉरिसच्या मनातून गेली नाही. तो धागा पुढे येईलच.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन जिंकलेले, पण कंगाल होते. रोव्हरने आपले बिऱ्हाड बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहल येथे हलवले. युद्धकाळात विमानांच्या इंजिनांसाठी बांधलेला तिथला कारखाना भलामोठा होता, पण त्यात करायचे काय हा प्रश्न होता. पोलाद रेशनवर होते. जो कारखाना माल परदेशी विकून डॉलर आणील, त्याला पोलादाचा कोटा. रोव्हरच्या उंची गाड्यांना परदेशात फारशी मागणी नव्हती. हजारो कामगार, रिकामी यंत्रे आणि पोलाद नाही. स्पेन्सरच्या डोक्यावर ही काळजी होती.

मॉरिसने मात्र अँगल्सी बेटावर, न्यूबरो या गावी जमीन घेतली होती. हे बेट वेल्सच्या वायव्य टोकाला, मुख्य भूमीशी पुलाने जोडलेले. वाऱ्याचे, वाळूच्या टेकड्यांचे, खाऱ्या हवेचे. कोकणातल्या माणसाला ओळखीचे वाटावे असे. सुट्टीत तिथे जाऊन शेतीची कामे करायची हा मॉरिसचा विरंगुळा. त्यासाठी त्याने युद्धातून उरलेली एक अमेरिकन विलीज जीप घेतली. ती ओंडके ओढायची, चढ चढायची, वाळूत शिरायची. आणि सारखी बिघडायची. युद्ध भोगून आलेली गाडी, तिला रोज काहीतरी लागायचेच. एवढ्या मोठ्या कंपनीचा तांत्रिक संचालक सुट्टीच्या दिवशी जीपखाली पाठीवर पडून नटबोल्ट आवळतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

ज्यांनी अशी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात फिरू लागली की बाकीची दोन नुसती पाहात राहतात. जीपमध्ये गिअरबॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते. तिची दांडी ओढली की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते आणि चारही चाके मिळून गाडी ओढू लागतात. दुसरी दांडी टाकली की वेग उतरतो, पण जोर दुप्पट-अडीचपट होतो. बैल चिखलात पाय रोवून, मान खाली घालून ओढतो, तशी गाडी ओढते.

या दोन दांड्यांचे मोल मला १९८९ च्या जुलैत कळले. आईला रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गावाबाहेरच्या पऱ्याला बोनेटाच्या खालच्या कडेपर्यंत पाणी होते. गड्याला कंदील देऊन पुढे चालवले, पंख्याचा पट्टा सोडवून ठेवला म्हणजे पाणी इंजिनावर उडणार नाही, दोन्ही दांड्या टाकल्या आणि क्लच न दाबता, गिअर न बदलता गाडी पाण्यात घातली. मधोमध एक चाक खड्ड्यात गेले. गाडी क्षणभर थरथरली. मग तीन चाकांनी तिला उचलून पलीकडे नेले. आई त्यानंतर चौदा वर्षे जगली. ही गाडी भंगारात का घालत नाही, असे विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो.

तर अँगल्सीवर त्या ईस्टरला स्पेन्सरने तो प्रश्न विचारला आणि दोघा भावांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. जीपसारखे वाहन दुसरे मिळत नसेल, तर ते आपणच का करू नये? शेतकऱ्याला ते हवेच आहे, परदेशातही खपेल, आणि खपले तर पोलाद मिळेल. असे सांगतात की रेड वॉर्फ बे या तिथल्या किनाऱ्यावर मॉरिसने ओल्या वाळूत काठीने त्या गाडीची आकृती काढून भावाला दाखवली. भरतीच्या लाटेने ती पुसलीही असेल. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सॉलिहलला पहिला नमुना उभा राहिला. त्याचा सांगाडा चक्क जीपचाच होता आणि सुकाणूचे चाक ट्रॅक्टरसारखे मधोमध बसवलेले होते. म्हणजे कोणत्याही देशात, रस्त्याच्या कोणत्याही बाजूने चालवता यावी. ती कल्पना टिकली नाही. तो नमुनाही पुढे राहिला नाही.

यापुढचा भाग मला या साऱ्या गोष्टीचा गाभा वाटतो. गाडी करायची तर पत्रा हवा, आणि पोलादी पत्रा नाही. पण युद्ध थांबल्यामुळे विमानांसाठी लागणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू भरपूर पडून होता. मग बॉडी त्याची. पत्र्याला गोलाई द्यायला लागणारे महागडे साचे परवडत नव्हते. मग सगळे सपाट ठेवायचे, हाताने वाकवता येईल एवढेच वाकवायचे. सांगाड्यासाठी पोलादाच्या पट्ट्या कापून, चार पट्ट्या एकमेकींना जोडून पेटीसारख्या तुळया केल्या. इंजिन रोव्हरच्या मोटारीचेच, १६०० सीसीचे. रंग हवाईदलाच्या शिलकीतला फिकट हिरवा. सुरुवातीला तर दरवाजेसुद्धा जादा पैसे देऊन घ्यायचे. इंजिनाची ताकद बाहेर काढून करवत किंवा मळणीयंत्र चालवता येईल अशी सोय मात्र होती, कारण हे करणारा माणूस स्वतः शेती करणारा होता. प्रत्येक उणीव मॉरिसने कामाला जुंपली. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. किंमत ४५० पौंड. कंपनीची समजूत अशी, की दोन-तीन वर्षांची ही तात्पुरती सोय आहे. परिस्थिती सुधारली की आपण पुन्हा आपल्या उंची गाड्यांकडे वळू.

तो लेख वाचला आणि १९९७ च्या पावसाळ्यानंतर मी जीप पूर्ण उघडायची ठरवली. खेडचे एक मिस्त्री महिन्यातून आठ-दहा दिवस मुक्कामाला येत. अकरा महिने काम चालले. बॉडी उचलून बाजूला ठेवली तेव्हा खाऱ्या हवेने केलेला प्रताप दिसला. पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला, चासीला दोन ठिकाणी बोट आरपार जात होते. आम्ही गंज खरवडला, तुकडे कापून वेल्डिंगने जोडले, पाटे सोडवून एकेक पान घासले, इंजिन बोअर करून नवे पिस्टन घातले. सुटलेला प्रत्येक नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकायचा आणि कुठला कुठला हे वहीत लिहायचे, हा मिस्त्रींचा दंडक. त्या दिवसांत मला कळले, की चांगले यंत्र आपल्याशी बोलते. हे आधी सोडव, ते नंतर, हे सांगायला त्याला पुस्तक लागत नाही. पान्याला जागा ठेवलेली असते, हात आत जातो. जो बनवणारा स्वतः दुरुस्ती करतो, तोच अशी जागा ठेवतो. मॉरिसचा ॲल्युमिनियम पत्रा गंजत नाही, हे वाचून मला माझ्या चाळणीकडे पाहताना हेवा वाटायचा. त्याच्याही गाडीची चासी पोलादी, ती गंजतेच. पण ती बदलून बॉडी पुन्हा वर ठेवता येते. म्हणून तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या लँड रोव्हर अजून धावताना दिसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१२ मध्ये दार्जिलिंगकडे गेलो होतो. तिथे नेपाळच्या सीमेवर मानेभंज्यांग नावाचे गाव आहे. तिथून ३१ किलोमीटर वर, ३६३६ मीटर उंचीवर संदकफू. चहामळ्यांच्या गोऱ्या साहेबांनी आणलेल्या १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर तिथल्या लोकांकडे आल्या, आणि त्याच गाड्या प्रवाशांना वर नेत होत्या. तेव्हा तो रस्ता म्हणजे बराचसा नुसता दगडांचा उतरता ढीग होता. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. गाडीचे इंजिन कधीच बदललेले, गाद्या गावच्या शिंप्याने शिवलेल्या, पण सपाट पत्रे आणि चौकोनी बोनेट तेच, मॉरिसचे. एका वळणावर ड्रायव्हर उतरला, चाकाखाली दगड लावला, बोनेट उघडून तार बांधली आणि पाच मिनिटांत पुन्हा निघाला. मी वहीत काहीच लिहिले नाही, पण मनातल्या मनात अँगल्सीच्या त्या शेतकऱ्याला नमस्कार केला.

मॉरिसचे स्वतःचे मन मात्र तेव्हाही जेटमध्ये अडकले होते. १९५० मध्ये रोव्हरने जेट इंजिनाच्या तत्त्वावर चालणारी जगातली पहिली मोटार दाखवली. जेट १ तिचे नाव. १९५२ मध्ये बेल्जियममध्ये तिने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. जग अवाक् झाले. पण ती पेट्रोल, रॉकेल जे मिळेल ते अतोनात पिणारी गाडी, बाजारात येणे शक्यच नव्हते. आज ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आणि तात्पुरती सोय म्हणून काढलेली ती ओबडधोबड शेतगाडी? ती काही वर्षांतच रोव्हरच्या सगळ्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली. सैन्यात गेली, रबराच्या मळ्यांत गेली, वाळवंटात गेली. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर लंडनहून थेट सिंगापूरला नेल्या, वाटेत आपला देशही ओलांडला. १९५९ पर्यंत अडीच लाख गाड्या तयार झाल्या होत्या. माणूस ज्याला आपले मोठे काम समजतो ते संग्रहालयात जाते, आणि सुट्टीत, मातीत हात घालून केलेले काम जगभर फिरते. दैवाची ही गंमत मॉरिसला पाहायला मिळाली. तिचे त्याला दुःख झाले की समाधान वाटले, हे मला नेहमी विचारावेसे वाटते.

थोरल्या भावामागोमाग धाकटा चढत गेला. १९६० मध्ये व्यवस्थापकीय संचालक, १९६२ मध्ये अध्यक्ष. पण अध्यक्षपद वर्षभराहून थोडेच जास्त लाभले. ८ सप्टेंबर १९६३ रोजी अँगल्सीवरच, आपल्या न्यूबरोच्या घरी मॉरिस विल्क्स वारला. वय ५९. ज्या नव्या मोटारीवर त्याची कंपनी अनेक वर्षे राबत होती ती रोव्हर २००० पुढच्याच महिन्यात बाजारात आली आणि तिला युरोपातला वर्षातल्या सर्वोत्तम मोटारीचा पहिला पुरस्कार मिळाला. ते त्याने पाहिले नाही. स्पेन्सर आणखी आठ वर्षे जगला. तेरा वर्षांनी मोठ्या भावाला धाकट्याच्या मागे राहावे लागले.

पुढची हकिकत आपल्या जवळची. कंपनी अनेक हातांतून फिरली आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वारबरोबर लँड रोव्हरही फोर्डकडून विकत घेतली. २०११ पासून पुण्यातही लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. मॉरिसच्या मूळ गाडीचा वंश डिफेंडर या नावाने सॉलिहलला चालू होता. शेवटची डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. दोन-तीन वर्षांची म्हणून सुरू केलेली सोय जवळजवळ ६८ वर्षे चालली. त्याआधी २०१५ मध्ये रेड वॉर्फ बेच्या वाळूवर कंपनीच्या माणसांनी त्या गाडीची प्रचंड आकृती मुद्दाम काढली. तीही भरतीने पुसली असेल.

मला मात्र त्याहून आवडली ती २०१८ ची बातमी. अॅमस्टरडॅमच्या त्या पहिल्या प्रदर्शनासाठीची एक गाडी सॉलिहलपासून थोड्याच मैलांवर एका घराच्या बागेत सापडली. वीसेक वर्षे ती वेल्समधल्या एका शेतात उभी होती. चालत नव्हती, पण शेतकरी तिच्या इंजिनावर आपली यंत्रे चालवत होता. मग कोणीतरी दुरुस्तीसाठी आणली, इंजिन जाम झाले आणि ती तशीच पडून राहिली. कंपनीने ती पुन्हा चालती करायचे ठरवले, तेही तिचा उडालेला मूळ फिकट हिरवा रंग आणि वयाच्या खुणा तशाच ठेवून.

अण्णा २०१४ मध्ये गेले. गणपतीत मांगरात डोकावून मान हलवणारे आता कोणी नाही. पण गेल्या वर्षी त्यांचा नातू आला होता, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याची स्वतःची गाडी उघडायची तर संगणक जोडावा लागतो. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही, तो काळाचा भाग आहे. तो जीपभोवती दोनदा फिरला आणि मग पणजोबांच्या घराण्यात शोभेल असाच प्रश्न त्याने विचारला, की आजोबा, तुमच्यानंतर हिचे काय? मी त्याच्या हातात चौदाचा पाना दिला आणि प्लग काढायला लावले. पहिला निघायला त्याला पाऊण तास लागला, चौथा पाच मिनिटांत निघाला. संध्याकाळी तो काळ्या हातांनीच उकडीच्या मोदकांच्या ताटावर बसला आणि त्याच्या आजीने त्याला पुन्हा हात धुवायला पाठवले. यंदाही तो येणार आहे. येताना ब्रेकचे नवे लायनर आणतो, असा त्याचा निरोप आहे.